चिकटवही आणि न वापरलेलं तिकीट

25 जुलै 2021 ला माझा पुतण्या चिपळूणहून मोटारसायकलने गुहागरला आला, तेव्हा त्याच्या सॅकमध्ये खताच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही होती. सोबत वहिनींचा निरोप होता, "वन्संना म्हणावं, टाकायची असली तर तुम्हीच टाका, माझ्याच्याने टाकवत नाही." वही उघडायचा प्रश्नच नव्हता. तिची ओली वीट झाली होती, कडेला गाळाचा थर होता आणि पुरानंतर घराघराला येतो तो आंबूस वास. 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं त्यात वहिनींचं तळमजल्यावरचं घर गेलं. वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती.

मी सत्तावीस वर्षं गावच्या वाचनालयाचं काम पाहिलं. फाटकी पुस्तकं बांधली, बुरशी लागलेली वाचवली, काही वाचवता आली नाहीत. म्हणून ती वही माझ्याकडे आली. पण हे प्रकरण मी लिहिते आहे ते कागद वाळवण्यापुरतं नाही. देशावर मोठा घाला पडतो तेव्हा साध्या माणसाने त्याची आठवण जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं, हे मला त्या वहीपाशी बसून समजलं. वही 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्याच्या कात्रणांची होती. वहिनी आणि भाची दोघींनी लिहायला हो म्हटलं आहे. नावं नकोत म्हणाल्या.

त्या रात्रीचं

2008 साली दादा-वहिनी कुर्ल्याला राहत. दादा माझा चुलतभाऊ, परळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. त्या वर्षी देवदिवाळी 28 नोव्हेंबरला, शुक्रवारी होती. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घरच्या देवाला आणि ग्रामदेवतेला नैवेद्य दाखवायचा म्हणून बुधवारी रात्रीची कोकणकन्या धरायचं ठरलं. रिझर्व्हेशन नव्हतं, जनरलचं तिकीट काढलेलं होतं. जनरलने जाणाऱ्या कोकणी माणसाला दादर-ठाण्याहून गाडी धरून चालत नाही. गाडी सुटते तिथेच दोन-तीन तास आधी जाऊन रांगेत बसावं लागतं. त्यामुळे घरून साडेसातला निघायचं होतं. नेमका त्या दिवशी कारखान्यात माल उशिरा उतरला आणि दादा घरी आला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. कुर्ल्यापासून मशीद बंदरपर्यंत वहिनी त्याला बोलत होत्या. आता बसायला जागा मिळणार नाही, पोरीला रात्रभर उभं राहावं लागेल, तुम्हाला घरच्या देवापेक्षा कारखाना मोठा.

लोकल सीएसटीला लागली आणि त्यांना मुख्य हॉलकडे जाताच आलं नाही. लांबच्या गाड्यांचे प्रवासी सामान टाकून बसतात त्या हॉलमध्ये दोघे जण रायफली चालवत होते. सीएसटीवर त्या रात्री 58 माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. लोकलच्या बाजूच्या प्रवाशांना उद्घोषक विष्णू झेंडे ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले, की मुख्य मार्गाच्या बाजूला जाऊ नका, एक नंबर फलाटाच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. तिघं तसे बाहेर पडले आणि गिरगावात वहिनींच्या मावससासूच्या खोलीत पोचले. कपड्यांची बॅग फलाटावरच राहिली. देवीच्या ओटीची पिशवी मात्र वहिनींच्या खांद्यालाच होती.

कुणाला ओरखडाही आला नाही. मला वाटतं, पुढच्या सगळ्याचं मूळ इथे आहे. देशभरात 166 माणसं गेल्याचा शोक चालू होता. 29 तारखेला सकाळी ताजमधला शेवटचा हल्लेखोर मारला जाईपर्यंत सगळे टीव्हीपुढे खिळून होते. अशात आपण धडधाकट घरी आलेलो, तर आपल्या भीतीला जागा कुठे मागायची? "आम्हाला काय झालंय? ज्यांची माणसं गेली त्यांनी रडावं," हे वाक्य वहिनींच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही.

पहिली वही

डिसेंबर 2008 मध्ये वहिनींनी भाचीची उरलेली चित्रकलेची वही घेतली आणि कात्रणं चिकटवायला सुरुवात केली. ताजच्या घुमटातून निघणारा धूर. करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे यांचे फोटो. अंत्ययात्रा. खटल्याच्या बातम्या. 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात कसाबला फाशी झाली ती शेवटची बातमी, आणि वही बंद.

मी ती वही 2009 च्या मे महिन्यात चाळली होती. "छान जमवलंय हो वहिनी," एवढंच म्हणाले आणि चहाला उठले. घडल्याला सहा महिनेच झाले होते, आणि त्या वहीत त्यांचं स्वतःचं काही का नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ओली वीट

ओल्या कागदाला साधारण 48 तासांत बुरशी धरू लागते. इथे तीन दिवस होऊन गेले होते. अशा वेळी घाईने पानं सोडवायला गेलं की ती फाटतात, आणि उन्हात टाकली तर वाकडी होऊन एकमेकांना कायमची धरतात. मी वही उघडलीच नाही. पिशवीतून काढली, वरचा गाळ थंड पाण्याच्या हलक्या धारेखाली जाऊ दिला, बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. गोठवल्याने बुरशी मरत नाही, पण थांबते, आणि मला वेळ हवा होता. आठवड्याने पावसाला जरा उघडीप मिळाल्यावर बाहेर काढली, पडवीत पंख्याखाली उभी ठेवली. मग दर चार-सहा पानांमागे कोरा, न छापलेला कागद घालून तो दिवसातून तीनदा बदलत राहिले. पानं दमट असतानाच पातळ स्टीलच्या पट्टीने कडेकडेने सोडवायची, जिथे ओढ लागेल तिथे थांबायचं. असे अकरा दिवस गेले.

काय वाचलं ते बघून मी थक्क झाले. कात्रणं जवळजवळ सगळी गेली होती. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन हा लाकडातलाच घटक उरलेला असतो. हवेने आणि उजेडाने तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि शेजारच्या पानालाही आपलं आम्ल लावतो. बारा वर्षांत तो आधीच अर्धमेला झाला होता, पाण्याने आणि डिंकाने त्याचा काला केला. जेल पेनाने लिहिलेले मथळे निळ्या ढगासारखे पसरले होते. पण समासात साध्या बॉलपेनने लिहिलेल्या काही ओळी होत्या, त्या स्पष्ट वाचता येत होत्या. 2009 मध्ये माझ्या नजरेतून त्या निसटल्या होत्या. एका ठिकाणी, बहुधा ताजच्या फोटोखाली, "आम्ही इथे नव्हतो." दुसरीकडे, "हिला झोपेत दचकायला होतं." आणि तीन वेगवेगळ्या पानांवर एकच ओळ: "साडेसातला निघालो असतो तर."

मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक पाकीट चिकटवलेलं होतं. त्यात न वापरलेलं तिकीट, मुंबई सीएसटी ते चिपळूण, प्रौढ दोन, बालक एक. आणि बोटभर रुंदीची खणाची पट्टी. तो खण ओटीच्या पिशवीतला. रविवारी एसटीने गावी पोचल्यावर वहिनींनी देवीची ओटी भरली, पण आधी खणाची ही कड कापून ठेवली. बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. पुराच्या पाण्याने खणाचा रंग सुटला आणि तिकिटाची डावी कड गुलाबी झाली. तिकिटावरची छपाई मात्र टिकली.

बाजारातल्या झेरॉक्सवाल्याने पुतण्याला सुचवलं, तिकीट लॅमिनेट करून टाका. मी ठाम नाही म्हटलं. उष्णतेने प्लॅस्टिक एकदा कागदाला बसलं की ते सुटत नाही, आत राहिलेली ओल कागद खात राहते. कोकणात तर हे करूच नये. सेलोटेपही नको, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन झिरपतो. तिकिटाला कागदाचे चार कोपरे करून त्यात बसवलं, कुठेही डिंक नाही. मैद्याची खळ बांधणीत मी आयुष्यभर वापरली, पाण्याने सुटते म्हणून ती चांगलीच, पण आमच्या दमट हवेत कसर तिच्यावर टपलेली असते. म्हणून आठवणीच्या वस्तूंना कोपरेच बरे.

आता काय लिहायचं

ऑगस्टमध्ये वहिनी माझ्याकडे राहायला आल्या, घर वाळेपर्यंत. पुतण्याचं म्हणणं होतं, जुन्या अंकांतून तीच कात्रणं पुन्हा मिळवून वही होती तशी करू. ते अवघड नव्हतं. पण मला पटेना. ताजचा फोटो देशातल्या कितीतरी घरांत आणि ग्रंथालयांत सापडेल. "साडेसातला निघालो असतो तर" ही ओळ दुसरीकडे कुठे सापडायची नाही.

मात्र लगेच लिहायला बसवणंही योग्य नव्हतं. पूर डोळ्यांपुढे होता, रात्री पागोळ्यांचा आवाज वाढला की वहिनी उठून बसत. मोठ्या धक्क्यानंतर माणसाला पहिल्या दिवसांत सगळं बोलायला लावलं की मन मोकळं होतं, असं आपण सर्रास मानतो. आपत्तीनंतर लगोलग एका बैठकीत सगळं वदवून घेण्याचा उपयोग होत नाही, काहींना त्रासच होतो, असं अभ्यासांतून दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनेही ती पद्धत वापरू नये असंच म्हटलं आहे. आधी झोप, जेवण, कोरडी जागा, आपली माणसं. गणपती झाले, अनंत चतुर्दशी झाली, तोवर आम्ही वहीचं नावही काढलं नाही.

लिहिण्याची रीत मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या प्रयोगावरून घेतली. 1986 साली त्यांनी आणि सँड्रा बील यांनी तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यांत दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. घडलं ते आणि त्या वेळी मनात काय आलं ते, दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. लिहिल्यालिहिल्या मात्र त्यांना जास्तच वाईट वाटलं होतं. ही दुसरी गोष्ट मी वहिनींना आधीच सांगून ठेवली. "आज रडू आलं तर काही बिघडलं असं समजू नका. पण उद्याही लिहावंसं वाटलं नाही तर सोडून द्या, सक्ती नाही."

घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात चार संध्याकाळी त्या पडवीत बसून लिहीत होत्या. पेन्सिलीने, कारण पेन्सिल पाण्याने पुसत नाही. मी शेजारी तांदूळ निवडत बसायची. वाचायला मागितलं नाही.

तीन हकिकती

भाची तेव्हा दहा वर्षांची होती, आता पुण्यात नोकरी करते. तिलाही सांगितलं, आईशी न बोलता तुझं तू लिही. आणि दादा? दादा 2016 साली गेला. पण चिपळूणच्या घराच्या माळ्यावर विम्याच्या कागदांच्या पिशवीत त्याच्या खिशातल्या डायऱ्या होत्या, पाणी माळ्यापर्यंत पोचलं नव्हतं. स्टोअरकीपरचं अक्षर, रोजचा हिशेब. 26 नोव्हेंबर, बुधवारच्या पानावर एवढंच: "टॅक्सी 50. दूध, बिस्किट 22. सर्व ठीक."

वहिनींनी लिहिलं होतं की ते गिरगावापर्यंत चालत गेले. धोबीतलावाजवळ चप्पलचा अंगठा तुटला, पुढे अनवाणी. टॅक्सीचं नाव नाही. भाचीला चालणंही आठवत नाही आणि टॅक्सीही. तिला आठवतो बाबांचा खांदा आणि गिरगावच्या खोलीतला टीव्ही, ज्यावर कटकची भारत-इंग्लंड मॅच बघायला शेजारची पोरं जमली होती आणि कुणीतरी एकाएकी चॅनेल बदललं. घोषणा भाचीला शब्दन् शब्द आठवते. वहिनींना ती आठवतच नाही. झेंड्यांची बातमी त्यांनी हौसेने कापून चिकटवली होती, तरी म्हणाल्या, "मी ऐकलं नाही वन्सं. खोटं कशाला सांगू? मला एक लाल सदऱ्यातला हमाल दिसला, दोन्ही हात करून मागे जा मागे जा म्हणत होता. मी त्याच्याकडे बघून वळले."

डायरी दाखवल्यावर वहिनी गप्प झाल्या. मग पेन्सिल घेऊन आपलं पान दुरुस्त करायला निघाल्या. मी त्यांचा हात धरला.

अशा घटनांची आठवण मनात फोटोसारखी बसते, असं पूर्वी समजत. 1977 साली रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी तिला छायाचित्राच्या झगझगाटाची उपमा दिली होती. पुढे अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 चे हल्ले झाले. दुसऱ्याच दिवशी ड्यूक विद्यापीठात जेनिफर टॅलरिको आणि डेव्हिड रुबिन यांनी 54 विद्यार्थ्यांकडून हल्ल्याची बातमी कळल्याची आठवण लिहून घेतली, आणि सोबत त्याच दिवसांतली एक साधी, रोजची आठवणही. काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा विचारलं. दोन्ही आठवणी सारख्याच झिजल्या होत्या. फरक एवढाच, की हल्ल्याची आठवण अजून लख्ख आणि बिनचूक आहे याबद्दल मुलांची खात्री जराही ढळली नव्हती.

म्हणजे वहिनी खोटं बोलत नव्हत्या आणि दादाची डायरीही खोटी नव्हती. थोडं चालून पुढे टॅक्सी मिळाली असेल, किंवा टॅक्सीचे पैसे दुसऱ्याच कामाचे असतील. ते सांगणारा माणूस आता नाही. आम्ही ठरवलं की काहीही खोडायचं नाही. प्रत्येक हकिकतीवर लिहिल्याची तारीख घालायची, घडल्याची वेगळी. नवीन काही आठवलं तर नव्या तारखेने खाली लिहायचं. तिघांची पानं समोरासमोर लावली. मोठ्या घटनेची वही करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन, कारण एकाच घरातल्या तिघांची हकिकत घासूनपुसून एक केली, की त्यातून आधी डायरीतला दादा हरवतो.

वहीत काय नाही

रक्ताने माखलेल्या हॉलचे फोटो नवीन वहीत नाहीत. ते वहिनींनीच ठरवलं. "ती कुणाची तरी माणसं होती. माझ्या वहीत त्यांनी का पडून राहावं?" भाचीच्या एका पानाला पाकीट आहे. ते तिने स्वतः बंद केलं आहे आणि तिच्यावाचून कुणी उघडायचं नाही. एका शाळेने 26 नोव्हेंबरला वही प्रदर्शनात मांडायला मागितली. वहिनींनी तिकिटाची रंगीत झेरॉक्स दिली, वही दिली नाही. मला ते योग्य वाटलं. मुलांना ते गुलाबी कडेचं तिकीट पुरेसं होतं. बालकाचं अर्धं तिकीट कुणाचं, हे त्यांनी लगेच विचारलं म्हणे.

वहिनींच्या आग्रहाने मीही एक पान लिहिलं. मी त्या रात्री गुहागरला होते, मला काय लिहायचं, असं वाटलं होतं. लिहायला बसले तेव्हा किनारा आठवला. हल्लेखोर समुद्रातून आले, गुजरातकडची 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावून, तिच्या तांडेलाचा खून करून. ही बातमी आली आणि आमच्या बंदरावर माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलायला लागली. ज्या समुद्रावर चूल चालते त्याच्यावरूनच हे आलं, याची एक शरम होती त्या आवाजात, दोष कुणाचा नसताना. पुढे कागद तपासणं, ओळखपत्रं, सागरी पोलीस हे सगळं सुरू झालं. शेजारचा खलाशी, जन्मभर त्याच खाडीतून जाणारा, प्रथमच कार्ड गळ्यात घालून बोटीवर चढला तो दिवस मी लिहिला. 1993 च्या स्फोटांची स्फोटकं श्रीवर्धनकडे शेखाडीला उतरवली होती. तेव्हाही मी इथेच होते आणि त्याबद्दल एक ओळसुद्धा लिहून ठेवलेली नाही. आता जे आठवतं त्यावर माझाच विश्वास नाही.

शेवटची संध्याकाळ

चौथ्या संध्याकाळी वहिनींनी विचारलं होतं, "मी ह्यांना गाडीत काय काय बोलले, ते लिहू?"

"तुम्हाला लिहावंसं वाटतंय?"

"उशीर झाला म्हणून बोलले मी. मशीद बंदरपर्यंत बोलले. आणि नंतर आठ वर्षं होते हे, एकदाही म्हटलं नाही त्यांना, बरं झालं उशीर झाला."

पंधरा मिनिटांचा नेम त्या दिवशी मोडला. दिवेलागण झाली, मी उठून दिवा लावला, तरी त्या लिहीत होत्या. त्या पानाची घडी घालून त्यांनी खणाच्या पट्टीमागे ठेवली आहे. ते मी वाचलेलं नाही. त्यानंतर त्यांची झोप सुधारली का, असं मला विचारतात. थोडी सुधारली, पण पावसाळ्यात अजूनही त्या उठून बसतात. पुराचं त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही.

वही आता चिपळूणला, शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या पेटीत असते. प्रत्येक पानाचा फोटो भाचीकडे आहे. दर वैशाखात, पावसाच्या आधी, मी जाते. पेटी उघडून पानांना वारा देतो, कसर लागली का बघतो, कडुनिंबाचा वाळलेला पाला बदलतो. गेल्या खेपेला वहिनींच्या चालत गेल्याच्या पानाखाली, दादाच्या "टॅक्सी 50"च्या समोर, पेन्सिलीची नवी ओळ दिसली. वर व्यवस्थित तारीख घातलेली होती, आणि पुढे: "चप्पल तुटली होती हे नक्की."